पाठउघड्या गाऊनची मोहीम

विज्ञापना ऐसी जे, थोरल्या इस्पितळाच्या हाडांच्या वॉर्डात जो संग्राम जाहला त्याची हकीकत लोक आपापल्या सोयीने सांगतात, लिफ्टमध्ये एक आणि कँटीनमध्ये दुसरी, सबब आम्ही सर्व पक्षांस पुसोन, घडले तितकेच, तिखटमीठ न लावता लिहितो. वाचणारास हसू आल्यास त्याने खुशाल हसावे, परंतु बखरकाराने हसविले ऐसा बोल लावू नये.

राजमान्य राजश्री ड्रिलमास्तर, शाळेच्या कवायतीचे निवृत्त सेनापती, ज्यांच्या एका शिटीसरशी अवघे मैदान ताठ उभे राहात असे, ते न्हाणीघरात घसरोन खुब्याचे हाड मोडोन दाखल जाहले. शस्त्रक्रिया फत्ते जाहली आणि मग डॉक्टरसाहेबांचे फर्मान सुटले की, मास्तरांनी वॉकर धरोन वॉर्डाच्या दारापासून व्हरांड्याच्या टोकाच्या खिडकीपावेतो चालावे. उद्या सांजेच्या आत चालले तर घरी रवानगी, न चालले तर शहराबाहेरील आरोग्यधामात लांब मुक्काम. मास्तरीणबाईंची नजर मोतीबिंदूने मंदावलेली, त्या दूरच्या मुलखी त्यांचे एकटीने जाणे होणार नव्हते, आणि घरात साखरेचा डबा कोणता व मिठाचा कोणता हे सांगणारे मास्तरांवाचून दुसरे कोणी नव्हते. मोहिमेचे मोल उभयतांस पुरते ठाऊक होते.

तथापि मास्तर पलंग सोडीनात.

फिजिओथेरपिस्ट बाई चालून आल्या. “आजोबा, दोन पावलं तरी टाका.”

“नाही.”

“दुखतंय का?”

“नाही.”

“मग भीती वाटते का?”

यावर मास्तरांनी जी नजर टाकिली, तिजपुढे बाई वॉकरसकट माघारी फिरल्या.

ही खबर रुग्णानुभव सुधार कक्षाच्या प्रमुखांस पोहोचली. दर पंधरवड्यास नवे काही आणीत म्हणोन वॉर्डात त्यांस नवलसाहेब म्हणत. त्यांनी मसलत भरविली आणि एकमते निदान ठरले की, रुग्णाचे मनोधैर्य खचले आहे. मग पहिल्या हल्ल्यात पावले मोजणारा पट्टा मास्तरांच्या मनगटी बांधिला, मास्तर कुशीवर वळले आणि पट्ट्याने “छान सुरुवात!” म्हणोन शाबासकी दिली. मग समोरील भिंतीवर हिरव्या रानाचे चलचित्र सोडिले, ते पाहोन शेजारचे रुग्ण घोरू लागले. अखेरीस खासा यंत्रमानव रवाना केला. तो गोड आवाजात “चला, मी तुमच्या सोबत आहे” म्हणत दौडत आला आणि वॉर्डाच्या उंबरठ्यास अडोन तेथेच उभा राहिला, आणि आतबाहेर करणारे त्यास वळसा घालू लागले. मास्तरांनी भिंतीकडे तोंड फिरविले.

तेव्हा इतका वेळ स्टुलावर मुकाट बसलेल्या मास्तरीणबाई बोलत्या जाहल्या. “अहो साहेब, त्यांना धीर नकोय. त्यांना पाठ हवीय. गाऊनला.”

त्या इस्पितळाचा गाऊन मानेपाशी एका नाडीने बांधिला जातो आणि तेथोन खाली मागील सर्व मुलूख उघडा. घरचे वस्त्र जंतूंच्या भयास्तव मना, चादर गुंडाळावी तर ती पायांत येणार. आणि व्हरांड्याच्या दोहो बाजूंच्या बाकांवर जी मंडळी बसत, त्यांतील कैकजण मास्तरांच्या शिटीवर वाढलेले.

“गाऊन धरायला एक हात, वॉकरला दोन,” बाई म्हणाल्या. “देवानं दिलेत किती? तुम्हीच घालून बघा एकदा.”

‘रुग्णाच्या जागी उभे राहून पाहा’ हे वचन साहेबांनी स्वतः प्रत्येक भिंतीवर लाविले होते, सबब माघार घेता येईना. त्यांनी कपड्यांच्या कोठीवर खलिता धाडिला. कोठीवाला खासा वर आला.

“एका पेशंटला एक गाऊन. पेशंट कोण?”

“मीच समजा.”

“समजून कसं चालेल साहेब? भरती व्हा.”

मग साहेब रीतसर भरती जाहले, मास्तरांच्या शेजारचा पलंग त्यांस मिळाला, आणि दस्तुराप्रमाणे त्यांचे शर्ट, पँट, पट्टा गाठोडे बांधोन कोठीत कुलूपबंद जाहले. साहेब गाऊन लेवोन, वॉकर धरोन कूच करते जाहले. व्हरांड्यात पाऊल पडले तोच खिडकीतून वारा आला, एक हात मागे गेला, वॉकर कलला, आणि बाकावरील एका आजीबाईंनी नातवाचे डोळे झाकिले. मग साहेब उलट्या पावली चालत वॉर्डात परतले. पाठ न दाखविता रणातून फिरल्याचे ऐसे उदाहरण आमच्या पाहण्यात दुसरे नाही.

ते पलंगावर चढले. मग चादरीआड गाऊन उतरवोन त्यांनी मास्तरांपुढे धरिला. “मास्तर, हा वरून घाला. उलटा.”

मास्तरांनी गाऊन न्याहाळिला. “नाड्या घट्ट बांधा,” इतकेच म्हणाले, आणि उठले.

मास्तरीणबाई भिंतीस हात लावीत आधीच खिडकीपाशी जावोन उभ्या होत्या. त्यांस पांढरे काहीसे हालताना दिसत होते, परंतु वॉकरची टकटक आणि मागोमाग डावा, उजवा हा ठेका त्यांच्या कानांच्या जुन्या ओळखीचा होता. बाकांवरील काही माणसे कोणी न सांगता ताठ बसली.

“आलात?”

“आलो. घरी गेल्यावर साखरेच्या डब्याला दोरा बांधू. हाताला कळेल.”

दुसरे दिवशी मास्तरांस रजा मिळाली. नवलसाहेब मात्र चादर पांघरोन पलंगावरच, कारण कोठीवाला सोडचिठ्ठीवाचून गाठोडे देईना, डॉक्टरसाहेब खिडकीपावेतो चालल्यावाचून हाडांच्या वॉर्डातील कोणासही सोडचिठ्ठी देईनात, आणि साहेबांच्या वाट्याचा एकमेव गाऊन मास्तरांच्या अंगी. मास्तर घरचे कपडे लेवोन निघाले, साहेबांच्या पलंगापाशी थांबले, आणि दोन्ही गाऊन घडी घालोन तेथे ठेविले.

“एक सुलटा, एक उलटा,” ते म्हणाले. “छाती पुढे. नजर समोर. डावा पाय.”

साहेब खिडकीपावेतो चालोन आले. कोणाचेही डोळे कोणी झाकिले नाहीत.

येणेप्रमाणे मोहीम सिद्धीस गेली. कचेरीच्या दप्तरी ती ‘द्विस्तरीय परिधान प्रणाली’ या नावे, तीन रंगीत आलेखांसह नोंदली आहे. कोठीवरून आता प्रत्येक रुग्णास दोन गाऊन मिळतात. यंत्रमानव उंबरठ्यापाशी अद्याप उभा आहे आणि वळसा घालोन जाणाऱ्या प्रत्येकास आपण त्याच्या सोबत असल्याचे सांगतो. लेखनसमाप्ती.