भागीरथीसाठी स्थळ

आमच्या अभ्यासक्रमातल्या कादंबरीच्या नायिकेसाठी नानांनी स्थळ आणलं होतं. मुलगा साखर कारखान्यावर परमनंट, घरची बागायत, सुपारीचंही व्यसन नाही. नायिकेचं नाव भागीरथी. ती फार जुन्या काळातली आहे, लग्न झालेली आहे आणि शेवटून दुसऱ्या प्रकरणात वारते, हे मी नानांना घाबरत घाबरत सांगितलं.

नाना म्हणाले, "ते झालं पुढचं. येळेवर मी मधी असतो तर गोष्ट तिथपर्यंत गेलीच नसती."

नाना म्हणजे आबांचे, माझ्या वडिलांचे, मावसभाऊ. आमच्याच गल्लीत एकटे राहतात. सोयरिकी जुळवणं हा त्यांचा उद्योग. माजलगावपासून परळीपर्यंत कोणाचा पोरगा लग्नाचा आहे, कोणाची पोरगी किती शिकली आहे, हे त्यांना तोंडपाठ. मोबाइलमध्ये नुसते बायोडाटे. या कामाचे ते पैसे घेत नाहीत, फक्त जेवतात. कोणतंही स्थळ आलं की आधी म्हणणार, "मुळात जा." मग स्वतःच मोटारसायकलवर बसून मुळात जाणार.

मी बीएच्या दुसऱ्या वर्षाला आहे, मराठी घेऊन. कॉलेजात गेलेली आमच्या घरातली मीच पहिली, त्यामुळे निबंध कसा लिहितात हे विचारायला घरात कोणी नाही. मॅडमनी विषय दिला होता, 'कादंबरीतील कोणत्याही एका पात्राचे स्वभावचित्रण करून आशयसूत्र स्पष्ट करा.' आबांनी त्यावर आपली अट घातली. निबंधाला चांगले मार्क पडले तर पुढचं वर्ष, नाहीतर नाना स्थळ काढतील. म्हणजे माझ्या बाबतीत नाना दोन्ही बाजूंनी होते. दिवसा माझ्यासाठी मुलं बघायचे आणि संध्याकाळी ओट्यावर बसून निबंधाला मदत करायचे. यात त्यांना काहीच वावगं वाटत नसे.

मदत मी मागितली नव्हती. मी मोठ्याने वाचत होते, ते चहाला आले आणि ऐकत बसले.

"ह्यो दिगंबर काय करतो?" त्यांनी भागीरथीच्या नवऱ्याबद्दल विचारलं.

"नदीकाठी बसतो."

"ते झालं सांजचं. दिवसा?"

मी पानं चाळली. "दिवसा उदास असतो."

"त्याचे किती भेटत्यात महिन्याला?"

ते लेखकाने लिहिलं नव्हतं. नानांनी मग मामा कोण ते विचारलं. मामाही लिहिला नव्हता. नानांनी बशी खाली ठेवली. "बिनमामाचं स्थळ. हितंच फसली पोरगी. लेखकाला फोन लाव."

"ते वारले, नाना."

"पोरगं असंल की त्याचं कोणी. मुळात जा."

दुसऱ्या दिवशी नाना स्वतःच मुळात गेले. कादंबरीतलं सासर पिंपळगावचं. या नावाची गावं आपल्याकडे कितीतरी. त्यातल्या एका पिंपळगावात नाना जाऊन पारावर बसले, चार माणसांकडे चौकशी केली आणि तिथला दिगंबर शोधून काढला. त्याच्या घरी जेवून आले.

"माणूस सोन्यासारखा हाय," आल्या आल्या त्यांनी सांगितलं. "रेशनचं दुकान हाय. नदीकडं फिरकतबी न्हाई. पुस्तकात चुकीचं छापलंय. लिही तसं."

मी ते लिहिलं नाही. पण खरं सांगायचं तर गाईडमधलंही मला लिहवेना. गाईडमध्ये होतं, 'भागीरथी ही त्यागाची मूर्ती आहे.' वर्गातल्या सगळ्यांनी तेच उतरवलं होतं. नानांना मी ते वाक्य वाचून दाखवलं.

"सासूनं अंगावरचं सोन्याचं डाग काढून घेतलं तवा ही गप बसली, त्याला त्याग म्हणता व्हय तुमी? पोरीला कोणी इचारलं का, बाई तू देतीस का म्हणून? न्हाई इचारलं. मग ती वसुली झाली." मग त्यांनीच विचारलं, "आन् तिचा बाप कुठं हाय?"

"पहिल्या प्रकरणात आहे. तिला बैलगाडीत बसवून देतो आणि डोळे पुसतो."

"पुढं?"

पुढे कुठेच नव्हता.

"ती आजारी पडली तवा?"

"नाही."

"मेली तवा?"

मी मान हलवली. नानांनी चहा तसाच ठेवला.

"आसं कसं व्हईल? बाप जातोच," ते म्हणाले. "जात असंल आन् दारातूनच माघारी फिरत असंल. पोरीच्या घरचं पाणी प्यायचं न्हाई म्हणल्यावर बसून करायचं काय? लेखक घरात बसून लिव्हतोय. त्याला भाईरचा माणूस कसा दिसंल?"

आमच्यात लेकीला मूल होईपर्यंत बाप तिच्या घरचं अन्नपाणी घेत नाही. आता कोणी एवढं पाळत नाही. नाना पाळतात. त्यांची एकुलती एक मुलगी, मंगलअक्का, धर्मापुरीला दिलेली आहे. लग्नाला बरीच वर्षं झाली, अजून मूल नाही. नाना उठून गेल्यावर आई हळूच म्हणाली, "जातेत धर्मापुरीला. दारात उभं ऱ्हातेत, बरी हायस का म्हणतेत, आन् येतेत."

मी निबंध बापावर लिहिला.

मॅडमनी चष्मा वर केला. "हे पात्र एका पानावर येतं. तू चार पानं कशाची लिहिलीस?"

"तो जिथे नाही त्या पानांची, मॅडम."

त्या रागावल्या नाहीत. पण काठावर पास केलं आणि खाली लाल शाईने लिहिलं, 'विचार चांगला, प्रश्नाला धरून नाही.'

आबांनी मार्क बघितले आणि संध्याकाळी नानांना बोलावून घेतलं. "नाना, काढा आता स्थळ."

मी दाराआड उभी होते. नानांनी मोबाइल काढला, बोटाने एकेक मुलगा वर सरकवला आणि मोबाइल परत खिशात घातला.

"उत्तम," ते आबांना म्हणाले, "ह्या पोरीचं मी बघणार न्हाई."

"कावून?"

"काम अर्ध्यात हाय. त्यो बाप कुठं गेला ते आजून घावलं न्हाई. पुढच्या वर्षी लई मोठी पुस्तकं असत्यात म्हणं. हुडकू दे तिला."

"पुस्तकातला बाप हाय तो, नाना."

"कुठलाबी असू दे. आन् दुसऱ्या कोणाकडनं स्थळ आणशील, तर चौकशीला मीच जाणार हाय. ध्यानात ठेव."

नानांनी चौकशीत नाक मुरडलं की ते लग्न होत नाही, हे आबांना ठाऊक आहे. आबा उठून दोरीवरचे कपडे काढायला लागले. मग म्हणाले, "फी कधी भरायची हाय?"

नाना निघाले. मी त्यांच्यामागे फाटकापर्यंत गेले. फाटकाची कडी काढता काढता ते म्हणाले, "तुझ्या मॅडमला एक इचार. बाप लेकीच्या घरात बसला, घोटभर पाणी पिला, तर पुस्तकात चालतं का?"

मॅडमना मी विचारलं नाही. मंगलअक्काला फोन केला आणि नानांचा प्रश्न होता तसा सांगितला.

ती म्हणाली, "नानाला तिखट आजून चालतं का गं?"