ग्रहण आणि गुहेतली रेंज

एका जंगलात, मुलांनो, एक शाळा होती आणि तिथे विज्ञान शिकवायला टिटवीबाई होत्या.

त्या जंगलात ग्रहण लागले की कोणी बाहेर पडत नसे. घोरपडआजींचा तसा दंडकच होता. पावसाळ्यानंतरच्या पहिल्या अमावास्येला खग्रास सूर्यग्रहण होते. असे ग्रहण तिथे पुन्हा दिसायचे, तर आज रुजलेल्या वडाला पारंब्या फुटेपर्यंत थांबावे लागणार होते. मुलांनी ते पाहावे म्हणून बाई पावसाळाभर घरोघर फिरल्या.

“सूर्याकडे बघायचंच नाही,” त्या पालकांना समजावत. “पळसाच्या पानाला काट्यानं भोक पाडायचं आणि जमिनीवरचा कवडसा बघायचा. त्यात सूर्याची कोर उमटते.”

ही युक्ती त्या ‘ज्ञानकुंज’ या संकेतस्थळावर शिकल्या होत्या. संकेतस्थळ उत्तम होते. विज्ञानशिक्षकांच्या उपयोगाचे तिथे पुष्कळ काही होते आणि बाई ते खरोखर वाचत. शिक्षण खात्यात ही सवय दुर्मीळ होती.

अखेर पालक राजी झाले. घोरपडआजीसुद्धा म्हणाल्या, “न्या पोरांना. पण काही झालं, तर गाठ माझ्याशी आहे.”

ग्रहणाच्या सकाळी मुले पाने घेऊन रांगेत उभी होती. तेवढ्यात शिक्षणाधिकारी तरससाहेब आले.

“बाई, ज्ञानकुंजावर ग्रहणाचं थेट प्रक्षेपण आहे. सगळ्या मुलांनी ते बघायचं आणि बघतानाचा फोटो चढवायचा. नाहीतर ही शाळा बंद. मुलं नदीपलीकडच्या शाळेत.”

“साहेब, ग्रहण इथंच आहे. आपल्या डोक्यावर.”

“डोक्यावरच्याची नोंद कशी होणार?”

नदीत मगरी होत्या. बाईंनी रांग साहेबांच्या मागे वळवली.

रेंज फक्त साहेबांच्या गुहेत येत असे. सगळी शाळा तिथे दाटीवाटीने बसली. पडद्यावर एक पांढरे चक्र फिरू लागले.

“बाई, हाच का चंद्र?” सशाच्या पोरीने विचारले.

“नाही गं. चित्र अजून यायचंय.”

गुहेच्या तोंडाशी ऊन पिवळे पडले, मग करडे. बाहेर रातकिडे बोलू लागले. सांजेला मिटावेत तसे बाईंचे पंख आपोआप मिटले.

“साहेब, दोन मिनिटं सोडा पोरांना.”

“फोटो चढतोय. कोणी हलायचं नाही.”

फोटो चढला, तेव्हा दारात पुन्हा लख्ख ऊन आले होते. चक्र फिरतच होते.

बाहेर घोरपडआजी वाट पाहत होत्या. पोरे सुखरूप बघून त्यांचा जीव भांड्यात पडला.

“शहाण्या आहात हो, बाई,” त्या म्हणाल्या. “आम्ही तरी दुसरं काय सांगत होतो? ग्रहण सुटेपर्यंत पोरांना आत बसवा. एवढं शिकून तुमचं विज्ञान शेवटी आमच्याच मतावर आलं.”

पुढे चाचणीत प्रश्न आला : ग्रहणात काय दिसते? मुलांनी लिहिले, ‘एक पांढरे चक्र सतत फिरते.’

बाईंनी सर्वांना पूर्ण गुण दिले. निरीक्षण अचूक होते.

तात्पर्य : ग्रहणात बाहेर पडू नये, ही निव्वळ अंधश्रद्धा आहे. वरून आदेश आला असेल, तर मात्र पडू नये.