कड्यावरची नेत्रतपासणी

शनिवारी सकाळी चष्मेवाल्यांच्या जेवणाच्या टेबलावर दोन लेन्स ठाण मांडून बसल्या होत्या, म्हणून नवरा-बायकोचा नाश्ता ओट्यापाशी उभ्यानंच चालला होता. एक लेन्स सहाशे मिलिमीटरची. लांबीला हातभर आणि उचलताना तोंडातून आपोआप "आई गं" निघेल इतकी जड. दुसरी झूम, शंभरपासून चारशेपर्यंत हवी तशी पुढेमागे होणारी, थर्मासएवढी. कॅमेऱ्याच्या दुकानदारानं दोन्ही सोमवारपर्यंत वापरून बघायला दिल्या होत्या.

"मोठीनं पक्ष्याच्या डोळ्यातली बाहुली दिसेल, साहेब," तो म्हणाला होता, "आणि लहानीनं तुमचा खांदा जागेवर राहील. आता तुमचं तुम्ही ठरवा."

ठरवणं हाच तर घोळ होता. पंचवीस वर्षं चष्मेवाले लोकांच्या नाकावर काचा बदलून "ही बरी की ती बरी?" असं विचारत आले होते आणि लोक दोन सेकंदांत उत्तर देत होते. स्वतःवर वेळ आली तेव्हा मात्र त्यांचं चित्त थाऱ्यावर राहिलं नाही.

घाईलाही कारण होतं. पक्षीमित्र मंडळाच्या कॅलेंडरसाठी फोटो सोमवारी द्यायचा होता. गेली चार वर्षं त्यांचा फोटो परत आला होता. समुद्रकड्याच्या कपारीत बसलेले कुरव पक्षी त्यांच्या जुन्या लेन्समधून मोहरीएवढे यायचे. गेल्या वर्षी तर मंडळाच्या चिटणीस बाईंनी फोटो नखानं खरवडून पाहिला होता. "अय्या, पक्षी आहे होय! मला वाटलं, काहीतरी सांडलंय." ते वाक्य चष्मेवाल्यांच्या जिव्हारी लागलं होतं.

"दोन्हींतून एकच वस्तू बघा आणि मोकळे व्हा," बायको म्हणाली.

सल्ला बिनतोड होता. लांबची, बारीक आणि न उडणारी वस्तू हवी होती, आणि तशी दुकानात रोज डोळ्यांसमोरच असायची: नजर तपासायचा तक्ता. तीन दातांच्या फणीसारख्या खुणा, कुणाचे दात वर, कुणाचे खाली, कुणाचे डावी-उजवीकडे. पेशंटनं हातानं दिशा दाखवायची. समोरच्या इमारतीत निवृत्त मास्तर राहत. त्यांच्या हातात तक्ता देऊन चष्मेवाल्यांनी त्यांना त्यांच्याच गच्चीवर उभं केलं आणि स्वतः बाल्कनीत कॅमेरा लावून बसले.

"दिसतंय का?" मास्तर गच्चीवरून गरजले. चाळीस वर्षं शेवटच्या बाकापर्यंत पोचवलेला आवाज तो, फोनची गरज नव्हती.

"दिसतंय! हलू नका!"

"खालून दुसरी ओळ, तिसरी खूण! दात कुठे?"

"मास्तर, माझी परीक्षा नाही, लेन्सची आहे!"

"उत्तर द्या! सबबी नकोत!"

चष्मेवाल्यांनी निमूटपणे हात डावीकडे केला. खालून जाणाऱ्या इस्त्रीवाल्यानं ते पाहिलं. तोही थांबला, एक डोळा झाकून त्यानं हात डावीकडे केला. "बरोबर!" मास्तर खूष झाले. त्यानंतर भाजी घेऊन येणारी एक काकू थांबली, मग दोन नणंदा-भावजया, मग एक पोस्टमन. अर्ध्या तासात रस्त्यावर वीस-बावीस माणसं एक डोळा झाकून वाहतूक पोलिसासारखे हात करत उभी होती.

"नवीन पद्धत आहे," इस्त्रीवाला उशिरा आलेल्यांना समजावत होता. "वर ते मशीन बघितलं ना? त्यातून आपल्या डोळ्याचा नंबर आपोआप निघतो. हातसुद्धा लावत नाहीत."

चष्मेवाल्यांनी वाकून सांगितलं, "अहो, ही पक्ष्यांसाठी आहे!"

"म्हणजे पक्ष्यांचेसुद्धा तपासतात!" काकू थक्क झाली.

दुपारपर्यंत रांग कोपऱ्यावर वळली. लेन्समधून बघावं तर मध्येच कुणीतरी उड्या मारून नंबर विचारायचं. शेवटी बायको खाली गेली आणि खरं तेच सांगून आली, "आज बंद. उद्या सकाळी ते कड्यावर जाणार आहेत." या वाक्यानं काय होईल हे तिच्या लक्षात यायला हवं होतं, असं चष्मेवाल्यांचं आजही मत आहे.

रविवारी ते दोघं कड्यावर पोचले तेव्हा तिथे सव्वीस माणसं डबे घेऊन आधीच बसली होती. शिवाय मास्तर, इस्त्रीच्या कपड्यांत, काखेत तक्ता. "तक्ता धरायला अनुभवी माणूस लागतो," ते म्हणाले आणि कुणी काही बोलायच्या आत पलीकडे निघाले.

कडा घोड्याच्या नालेसारखा वळलेला होता. अलीकडच्या टोकावर उभं राहिलं की मधल्या पाण्यावरून पलीकडच्या कपारींतले कुरव समोर दिसत. नेमके त्याच कपारींच्या वर, माथ्यावर, मास्तर उभे राहिले आणि त्यांनी तक्ता तोंडासमोर धरला.

चष्मेवाल्यांनी सहाशेची लावली. वा! तक्त्याच्या कोपऱ्यावर डकवलेली चिकटपट्टी दिसली, ती धरणारी मास्तरांची बोटं दिसली, बोटावरचा शाईचा डाग दिसला. "हीच घेतो," ते बायकोला म्हणाले. मागची माणसं मात्र नाराज होती, सगळी एका सुरात ओरडली.

"दिसत नाही हो, मास्तर! पुढे या!"

मास्तर एक पाऊल पुढे आले.

"अजून थोडं!"

अजून एक पाऊल. तुलनेसाठी चष्मेवाल्यांनी झूम लावली आणि सवयीनं ती मागे घेतली. तक्ता लहान झाला, मास्तर दिसले, मास्तरांचे बूट दिसले आणि बुटांच्या पुढे वीतभर जमीन दिसली. त्यापुढे कुरव उडत होते.

चष्मेवाले ओरडले, "मागे! मास्तर, मागे!" समुद्राच्या आवाजात त्यांच्या एकट्याचे शब्द वाहून गेले. त्यांनी दोन्ही हात जिवाच्या आकांतानं ढकलल्यासारखे हलवले. मागच्या सव्वीस जणांना वाटलं, उत्तर मिळालं. सगळ्यांनी एक डोळा झाकून तस्सेच हात हलवले. मास्तरांनी तक्त्यावरून डोकावून पाहिलं. अख्खा वर्ग एकमुखानं चुकीचं उत्तर देत होता. नीट दिसावं म्हणून त्यांनी बूट अर्धं पाऊल पुढे सरकवला.

चष्मेवाले हात हलवतच राहिले. बायको मात्र वळली आणि कडाडली, "पाठ फिरवा! सगळ्यांनी! डबे उघडा!"

आवाजच असा होता की सव्वीस पाठी एका झटक्यात समुद्राकडे झाल्या. डब्यांची झाकणं वाजली.

तास चालू असताना वर्गानं पाठ फिरवून डबे खाणं मास्तरांनी उभ्या आयुष्यात खपवून घेतलं नव्हतं. त्यांनी तक्ता फेकला, टाचेवर गर्रकन वळले आणि तरातरा जमिनीच्या दिशेनं चालू लागले, ते थेट बसथांब्यापर्यंत.

तक्ता वाऱ्यावर गिरक्या घेत खाली गेला आणि एका कपारीत अडकला. लगेच एक कुरव आला, त्यानं तो नीट पाहून घेतला आणि त्यावर ऐसपैस बसला. चष्मेवाल्यांच्या हातात झूमच होती. त्यांनी बटण दाबलं.

चिटणीस बाईंनी या वेळी नख लावलं नाही. "मे महिना तुमचा," त्या म्हणाल्या. सहाशेची परत गेली. नुसताच तक्ता दिसून मास्तर न दिसण्यात काय अर्थ, असं चष्मेवाल्यांनी दुकानदाराला सांगितलं. त्याला ते कळलं नाही. मास्तर महिनाभर बोलले नाहीत, मग स्वतःच येऊन त्यांनी सहीसाठी कॅलेंडर पुढे केलं.

खरी गंमत मेमध्ये झाली. फोटोत कुरव लख्ख होता, पिसन्‌पिस मोजावं असा. पण कुरवाच्या अंगाखालून बाहेर आलेला तक्ता वाऱ्यानं फडफडत होता, त्यामुळे खुणा पुसट आल्या होत्या. घरोघरी लोक कॅलेंडरसमोर उभे राहून एक डोळा झाकू लागले आणि हादरून दुकानात येऊ लागले.

"तुमचे डोळे ठणठणीत आहेत," चष्मेवाले शपथेवर सांगत, "तक्ताच हलत होता."

"मग पक्षी कसा स्पष्ट दिसतो?" लोक विचारत आणि नंबर काढल्याशिवाय खुर्चीवरून उठत नसत. असे साठ-पासष्ट जण झाले.

महिनाअखेरीला एका संध्याकाळी बायको स्वयंपाकघरात आली तेव्हा चष्मेवाले कॅलेंडरसमोर उजवा डोळा झाकून उभे होते.

"काय झालं?"

"काही नाही," ते म्हणाले. मग त्यांनी हळूच विचारलं, "ती मधली खूण... दात वरच आहेत ना?"

बायकोनं भांडं पुसता पुसता एकदा तिकडे पाहिलं.

"खाली," ती म्हणाली.