शेवंताबाईंचं पाणी पास झालं

पाणी शुद्ध असण्यापेक्षा ते शुद्ध ठरणं महत्त्वाचं, हे ज्याला कळलं त्याची प्रगती कोणी रोखू शकत नाही. कोंढ्याजवळच्या एका गावाला ते शेवंताबाईंमुळे जरा उशिरा कळलं.

गावच्या पाण्याची तपासणी गावातल्या बायांनीच करावी, अशी उत्तम व्यवस्था आहे. शेवंताबाईंना त्यासाठी प्रशिक्षण, टोपी आणि एक पेटी मिळाली. पेटीतल्या शिशीत नळाचं पाणी भरून ठेवायचं. काळं पडलं तर दूषित. दुसऱ्या दिवशी शिशी डांबरासारखी झाली. (नळाचा पाइप नालीतून जातो आणि नालीतच फुटला आहे. एका खड्ड्यात दोन सोयी.)

नात रक्षा जुलाबानं आडवी पडलेली. शेवंताबाई शिशी घेऊन पवनीला, पाणीपुरवठ्याचे अभियंता कुंदनसाहेबांकडे गेल्या.

"साहेब, पाइप नालीतून काढा जी. पोरगी हगून हगून अर्धी झाली."

साहेबांनी शिशी उजेडात धरली. "पाणी काळं होऊन राहिलं म्हणजे तुमचं प्रशिक्षण कच्चं राहिलं, बाई."

प्रशिक्षण पुन्हा झालं. शिशी पुन्हा काळी. आणखी एकदा झालं (या वेळी समोसाही होता). शिशी मतावर ठाम.

तेव्हा साहेबांनी नियम समजावला. पाइप दुरुस्तीचे मिस्त्री आधी शुद्ध पाण्याच्या गावांना मिळतात. ज्या गावाला साधं पाणी शुद्ध ठेवता येत नाही, त्याच्यावर मिस्त्री का वाया घालवायचे?

"मंग आमी शुद्ध कसं व्हावं?"

साहेबांनी टेबलावरची आपली पाण्याची सीलबंद बाटली पुढे सरकवली. "शिशीत हे भरा."

शेवंताबाईंच्या डोळ्यांपुढे रक्षाचे खोल गेलेले डोळे आले. त्यांनी भरलं. शिशी काळी पडली नाही. गावात डफ वाजला, सत्कार झाला. अंगावरची शाल सावरत त्यांनी हळूच विचारलं, "साहेब, आता मिस्त्री?"

"शुद्ध पाण्याचा पाइप कायले फोडायचा, बाई?"

तेव्हापासून शेवंताबाई नातीला पाणी उकळून देतात. बाकी गाव प्रमाणित पाणी पितं. एकही शिशी काळी न होऊ देणाऱ्या तज्ज्ञ म्हणून त्यांना आता गावोगाव, अगदी शहरांतही, प्रशिक्षण द्यायला नेतात.

तुमच्या नळाचं पाणीही पास झालंय म्हणे. अभिनंदन. घ्या ग्लासभर.