न पाहिलेला पेनल्टी कॉर्नर

एका जंगलात, मुलांनो, कुणी कुठलं पाणी प्यायचं हे हॉकीवर ठरायचं. उन्हाळा लागला की नदीच्या अलीकडचे आणि पलीकडचे प्राणी एक सामना खेळत. जिंकणाऱ्यांना वरचा डोह मिळायचा. हरणाऱ्यांना खालचा, म्हशी डुंबून गेलेला.

अलीकडचे प्राणी तीन उन्हाळे हरले होते. त्यांना एक प्रशिक्षक होता. करकोचा. उंच, विचारी, चोच कायम थोडी वर. तो करकोचा म्हणजे मी. हसू नका, ऐका.

माझा सगळा जीव पेनल्टी कॉर्नरवर होता. समोरच्यांनी आपल्या गोलाजवळ चूक केली की ही संधी मिळते. एकजण गोलरेषेवरून चेंडू बाहेर ढकलतो, दुसरा अडवतो, तिसरा गोलात हाणतो. बचाव करणारे पाचजण रेषेमागे थांबतात आणि चेंडू सुटला की धावत येतात. एवढंच.

पण एवढंच शिकवलं तर मला मास्तर कोण म्हणणार? मी तेवीस डाव रचले. पळसाच्या पानांवर काढले. प्रत्येकाला खूण ठेवली. पंख उघडला की सातवा, मान वळवली की बारावा, एक पाय वर घेतला की तिसरा.

"मास्तर, तुम्ही तर सारखे एका पायावरच असता," गोदा मुंगूस म्हणाली. चेंडू ढकलायचं काम तिचं. बचावात सगळ्यांच्या आधी धावून जायचं कामही तिचंच.

"तेव्हा तिसरा समजायचा नाही."

"मग कधी समजायचा?"

"ते अनुभवानं कळतं," मी म्हणालो. मलाही माहीत नव्हतं.

चेंडू हाणायचा भिवा रानडुक्कर. त्याची दोन पिल्लं गेल्या उन्हाळ्यात खालचं पाणी पिऊन आजारी पडली होती. तो रोज एकच विचारायचा, "मास्तर, मी सरळ मारू का?"

"सरळ कुणीही मारतं," मी सांगायचो.

सामन्यात आम्हाला पाच कॉर्नर मिळाले. पाचही वेळा मी खुणा केल्या. गोदाला सातवा दिसला, भिवाला बारावा, आणि चेंडू अडवणाऱ्या माकडाला तिसरा. पाचही वाया गेले.

मग पलीकडच्यांना कॉर्नर मिळाला. मी दोन्ही पंख हलवले. आमचे चौघे माझ्याकडेच बघत राहिले. गोदा एकटी सरळ धावली. चेंडू तिच्या नडगीवर बसला. गोल वाचला.

ती लंगडत होती. मी पान घेऊन मैदानात शिरलो. म्हटलं, "गोदा, नवव्या पानाप्रमाणे तू डावीकडून यायला हवं होतंस."

ती लंगडतच आपल्या जागी परत गेली.

पंच म्हातारी नीलगाय होती. ती शांतपणे म्हणाली, "मास्तर, त्या वारुळामागे जा. सामना संपेपर्यंत तोंड दाखवू नका."

वारुळामागून काही दिसत नव्हतं. फक्त ऐकू येत होतं. आम्हाला सहावा कॉर्नर मिळाल्याची शिट्टी झाली.

"आता कुणाकडे बघायचं?" भिवाचा आवाज.

"कुणाकडेच नाही," गोदा म्हणाली. "मी ढकलते, माकड अडवेल, तू सरळ मार."

टक्. टक्. मग गोलाच्या फळीवर चेंडू आपटल्याचा दणका. मग गलका.

त्या वारुळामागे मला लाज वाटली, मुलांनो. खरंच वाटली. सामना संपल्याची शिट्टी झाली, तेव्हा गोदाची माफी मागायची असं ठरवून मी बाहेर आलो. तेवढ्यात हरणांनी माझ्या गळ्यात हार घातला. मान लांब असल्यानं तो चांगला दिसत होता.

गोदा वरच्या डोहात पाय सोडून बसली होती. शेजारी भिवाची पिल्लं पाणी पीत होती. मी हारासकट गेलो. माफी ओठांवर होती, पण तोंडातून निघालं, "गोदा, गोल नेमका कसा झाला?"

"झाला, मास्तर," ती म्हणाली. "पाणी प्या. गार आहे."

हल्ली मी सात जंगलांत व्याख्यानं देतो. विषय, माझा चोविसावा डाव. पानावर त्या गोलाची आकृती काढून दाखवतो. भिवा कुठे उभा होता, ते अंदाजानं काढतो. अजून कुणी विचारलेलं नाही.

तात्पर्य: संघाला जिंकायचं असेल, तर त्यानं प्रशिक्षकाला वेळेवर मैदानाबाहेर काढावं. आणि प्रशिक्षकाला नाव कमवायचं असेल, तर त्यानं हारतुरे सुरू व्हायच्या आत परत यावं.