पासच्या आधीचा पास

मोरितासान आमच्या मजल्यावर राहायला आले आणि चौथ्या दिवसापासून सगळ्यांच्या दाराबाहेरच्या चपला आपोआप सरळ होऊ लागल्या. जोडीला जोड, तोंडं बाहेर. आमच्या सुनंदाला वाटलं, नवरा सुधारला. एका सकाळी तिला मोरितासानच गुडघे टेकून चपला लावताना दिसले आणि माझं घरातलं पुण्य संपलं.

हे गृहस्थ सिंगापूरच्या फुटबॉल लीगमधल्या एका क्लबात मिडफिल्डर. मी बँकेतला माणूस, क्रिकेटपलीकडे अडाणी. पहिल्याच भेटीत विचारलं, "जपानच्या संघात होता का?"

"ऑलमोस्ट."

"गोल किती?"

"गोल नाही. गोलच्या आधी पास असतो ना, त्याच्या आधीचा पास माझा."

प्रसिद्धीही त्याच बेताची. खालच्या हॉकर सेंटरमधली, म्हणजे खाण्याच्या गाळ्यांतली, कॉफीवाली आंटी तेवढी म्हणायची, "नंबर एट, यू प्ले गुड लाह." त्यावर ते इतकं खाली वाकत, की मागच्या माणसाला ट्रे सांभाळावा लागे. आमच्या क्वीन्सटाउन वस्तीत दुसऱ्या कोणी त्यांना ओळखल्याचं मी पाहिलं नाही.

त्या वर्षी मी आमच्या मराठी मंडळाचा चिटणीस होतो. क्रीडादिनाला पाहुणा मिळेना, म्हणून मोरितासानांना गळ घातली. शाल, श्रीफळ, चार शब्द. शाल आधी कोणत्या खांद्यावर घ्यायची, हे त्यांनी मला तीनदा विचारलं. कॉरिडॉरमध्ये टॉवेल घेऊन सरावही केला. आम्ही दाराआड पोट धरून हसलो.

आदल्या दिवशी बातमी आली, की मुंबईचा एक रणजी खेळाडू मेहुण्याकडे सुट्टीला आलाय. अध्यक्ष म्हणाले, "अहो, क्रिकेटर मिळत असताना तो जपानी कशाला? त्याला ओळखतं कोण?" मी "बरं" म्हणालो. मोरितासानांना कळवायचं काम माझ्याकडे आलं. ते मी केलं नाही. उद्या सांगू म्हटलं.

दुसऱ्या दिवशी ते काळ्या सुटात आले. सोबत किमोनोतली एक चिमुकली म्हातारी.

"माझी आई. सत्कारासाठी बोलावलं. पहिल्यांदाच विमानात बसली."

"थोडा बदल झालाय," एवढंच माझ्या तोंडून निघालं. दोघांना तिसऱ्या रांगेत बसवलं. क्रिकेटरला शाल दिली आणि मी त्याच्यावर मराठीतून दहा मिनिटं भाषण ठोकलं. टाळ्या सर्वांत जास्त वेळ मोरितासानांनी वाजवल्या. माझी मान वर होईना.

कार्यक्रम संपल्यावर ते आईला घेऊन माझ्याकडे आले. हळू आवाजात इंग्रजीत म्हणाले, "आईला मी सांगितलंय, शाल परगावच्या पाहुण्याला देतात, पण भाषण माझ्यावर होतं. ती विचारेल. प्लीज, येस म्हणा."

म्हातारीने माझे दोन्ही हात धरून काहीतरी विचारलं.

"येस," मी म्हणालो.

ती कमरेतून वाकली. माझ्या आईच्या वयाची बाई माझ्यापुढे वाकली, आणि मला तिला थांबवता येईना. थांबवलं असतं, तर का ते सांगावं लागलं असतं.