बसलेली गाडी उठविल्याची आणि किटली जप्त झाल्याची हकीकत

अखंड धुके आणि असंख्य मेंढरे यांच्या मुलुखी, यॉर्कशायरच्या डोंगरखोऱ्यात, आउथवेट यांच्या अंगणी ऑक्टोबर मासी जे युद्ध झाले, त्याचे साद्यंत वर्तमान पुढिलांस कळावे आणि पुढिलांनी तरी तैसे करू नये, याजकरिता हा मजकूर मांडिला असे.

राजेश्री विल्फ्रेड आउथवेट, वय सदुसष्ट, पूर्वी शाळेच्या बसगाडीचे सारथी, हल्ली घरी राहून तमाम जगाच्या चुका काढण्याच्या कामी मुक्रर. यांजपाशी एक थोर गाडी. तिजला पोलादी स्प्रिंगा नव्हत्या, चहूं चाकांवर हवेचे फुगे. पोटाखाली पंप, तो फुग्यांत हवा भरी आणि गाडी गजराजासारखी उभी राही. एके सोमवारी प्रातःकाळी स्वारी अंगणात येऊन पाहते, तो गजराज डबक्यातील म्हशीप्रमाणे पोट टेकून बसलेले. आदल्याच दिवशी गावच्या पबात, चौघांदेखत, साहेबांनी जाहीर केले होते की गाडीसाठी मेकॅनिककडे धावतात ते बावळट. दैव असे कान देऊन ऐकते.

आता शनिवारी दहा वाजता खोऱ्यातील एडक्यांचे प्रदर्शन. डोरीनबाई म्हणजे साहेबांचे कुटुंब. त्यांचा एडका, नाव ब्रिगेडियर, जन्मतःच पोरका, बाईंनी बाटलीने दूध पाजून स्वयंपाकघरात वाढविला. त्याचे वय झाले, हे प्रदर्शन शेवटचे. गाडी न उठली तर ट्रेलर कोण ओढणार? शेजारी केनेथ ऑल्डरसन ओढणार. तीन वर्षे पहिला नंबर त्यांच्याच एडक्याचा, आणि त्याच एडक्याशेजारी ब्रिगेडियरने आश्रितासारखे उभे राहून जायचे. बाई म्हणाल्या, "तसं झालं ना विल्फ, तर तू पण त्याच ट्रेलरात जा. मागे."

मग मसलत झाली. बाईंनी म्हटले, "गॅरेजवाल्याला बोलाव."

"गॅरेजवाल्याला? जॅक कुठं लावायचा ते त्याला मी शिकवलंय!"

हे खोटे होते.

दुखण्याचे मूळ ऐसे. पंपाच्या तोंडी एक डबी, तीत निळे मणी. हवेतील ओल हे मणी पितात. पिऊन तर्र झाले की गुलाबी होतात, मग ओल पुढे नळीत शिरते आणि थंडीत गोठून वाट अडविते. उपाय सोपा. मणी ओव्हनमध्ये दोन तास भाजावे, निळे झाले की गरम असतानाच घट्ट झाकणाच्या डब्यात कोंडावे, निवले की पुन्हा डबीत भरावे. हे सर्व एका कागदावर लिहिले होते आणि बाईंनी तो दोनदा मोठ्याने वाचला. साहेबांनी ऐकला नाही. कागद ऐकणे हे त्यांच्या घराण्यात पराजयाचे लक्षण.

मंगळवारी गाडी लाकडी ठोकळ्यांवर घेऊन साहेब जातीने तिच्याखाली शिरले, आणि तीन बोल्टांशी सहा तास झुंजले, आणि बोटांची सालटी काढून घेतली, आणि जे शब्द उच्चारिले ते ऐकून कोंबड्या अंडी घालायच्या थांबल्या. संध्याकाळी डबी हाती आली. मणी गुलाबी. बुधवारी ते ओव्हनमध्ये रवाना झाले आणि दोन तासांनी आकाशासारखे निळे होऊन बाहेर आले. येथवर यश होते. इतक्यात चार वाजले.

त्या मुलुखी दस्तूर असा की, चारला किटली शिटी मारी आणि हातातले काम, मग ते प्रेतयात्रेचे का असेना, खाली ठेवले जाई. साहेबांनीही ठेविले. भाजल्या मण्यांचे तबक उघडेच, किटलीच्या नाकासमोर. मग दोन कप झाले, आणि डुकराचे मांस भरलेली कचोरी झाली, आणि तिसरा कप

[येथे पानावर कपाच्या बुडाचा गोल डाग पडून तीन ओळी गेल्या आहेत. काय झाले ते डागावरूनच समजावे.]

गुरुवारी मणी भरून पंप चढविला, कळ दाबली आणि गाडी उठली. साहेबांनी केनेथ यास बोलावून गाडीभोवती दोन वेळा फिरविले. आणि शुक्रवारी पहाटे खोऱ्यात हिम पडले.

केनेथ कुंपणावरून म्हणाला, "काय रे विल्फ, गाडी प्रार्थनेला बसलीय का?"

"तुझ्या एडक्यासाठी करतेय. जा घरी."

मग डोरीनबाई तळहातावर चार मणी घेऊन अंगणात दाखल झाल्या. तबकात उरलेले. गुलाबी.

"हे काय?"

"चांगले भाजलेत," साहेब बोलले. "बघ, रंग कसा आलाय."

"पाव आहे का तो? किटलीच्या तोंडाशी ठेवलेस ना! तुझ्यासारखेच चहा ढोसत बसले मेले."

साहेबांनी हात पुढे करून कागद मागितला. आउथवेट घराण्यात असे मागे कधी घडल्याचा दाखला नाही. मग बाईंचे फर्मान सुटले की, किटली सरकारजमा. मणी पुन्हा भाजून, डब्यात कोंडून, पंप चढेतो या घरात चहाचा थेंब उकळणार नाही. किटली ब्रिगेडियरच्या गोठ्यात खुंटीस टांगावी. ब्रिगेडियर जगात एकाच माणसास शिंग मारी. ते विल्फसाहेब.

शुक्रवारची मोहीम म्हणजे घनघोर. पुन्हा गाडीखाली, पुन्हा तेच तीन बोल्ट, पुन्हा ओव्हन. दहा वाजले, चहा नाही. एक वाजला, चहा नाही. तरी मणी निळे होताच साहेबांनी ते बिस्किटांच्या डब्यात ओतिले आणि झाकणावर जातीने बसले. चार वाजता केनेथ थर्मास घेऊन आला.

"एक घोट घे की."

"नको."

केनेथने डोक्यावरची टोपी काढली. हलक्या आवाजात विचारले, "कोण गेलं?"

दिवेलागणीस पंप चढला. गाडी उठली, परंतु कोणी हसले नाही. उठणे काय, गुरुवारीही उठली होती.

शनिवारी हिम दुप्पट. बाई ब्रिगेडियरचा दोर धरून दारात उभ्या, केनेथचा ट्रेलर रस्त्यावर घुरघुरत तयार. साहेबांनी धुक्यात पाहिले. गाडी उभी होती. रात्रभर उभी होती. चारी पायांवर, ताठ. साहेबांच्या डोळ्यांस पाणी आले. थंडीमुळे आले असे त्यांचे म्हणणे. डोळ्यांत मणी असते तर ते गुलाबी झाले असते.

बाईंनी केनेथला हात केला. "जा तू पुढे. आमची गाडी आहे."

ब्रिगेडियर दुसरा आला, केनेथचा तिसरा. पहिला कोणी परखोऱ्यातला, त्याचे नाव लिहिण्याचे कारण नाही. त्या संध्याकाळी पबात साहेबांनी सांगितले, "घरच्या घरी केलं. नीट कागद वाचला की सगळं जमतं." डोरीनबाई शेजारीच होत्या. त्यांनी खंडन केले नाही, इतकी त्यांची थोरवी.

सबब दफ्तरी नोंद ऐशी की, ऑक्टोबरातील शनिवारी, सकाळी आठ वाजता, आउथवेट यांची गाडी उभी मिळाली आणि मोहीम विल्फसाहेबांच्या नावे फत्ते झाली. ओव्हन पुन्हा स्वयंपाकाच्या कामी. कागद फ्रीजवर चिकटविला. पंप चढताच फर्मान संपले होते, आणि बाई म्हणतात की किटली केव्हाही न्यावी, हरकत नाही. ती अद्याप ब्रिगेडियरच्या ताब्यात आहे. रोज चार वाजता विल्फसाहेब गोठ्याच्या दारापर्यंत जातात, टोपी काढतात, आणि परत येतात.